पहिली देणगी देण्याआधी: संस्थांबद्दलचे गैरसमज आणि संस्था पारखण्याची रीत

सामाजिक संस्थेला देणगी द्यायची म्हटली की घरात हमखास दोन आवाज उठतात. ‘सगळे एनजीओवाले पैसे खातात’ हा एक, आणि ‘अहो, देवमाणसं आहेत ती, त्यांना हिशेब काय विचारायचा’ हा दुसरा. दोन्ही बाजूंच्या कोणीही त्या संस्थेचा एकसुद्धा कागद वाचलेला नसतो. संस्थांच्या कामात आणि हिशेबात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की चांगल्या संस्थांना लबाड संस्थांनी जेवढं पोखरलं, त्याहून जास्त या दोन समजुतींनी पोखरलं. एकीमुळे पैसे येत नाहीत. दुसरीमुळे येतात, पण प्रश्न येत नाहीत, आणि प्रश्न न आलेली संस्था हळूहळू ढिली पडते.

पहिल्यांदाच मोठी रक्कम देणाऱ्यांसाठी, किंवा नुकतंच एखाद्या संस्थेत काम सुरू केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. नियम प्रामुख्याने महाराष्ट्रातले आहेत. इथे संस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी म्हणजे धर्मादाय आयुक्त. गोव्यात त्यांचा कायदा चालत नाही. तिथल्या सोसायट्या १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली निबंधकांकडे नोंदवल्या जातात. प्राप्तिकर आणि परदेशी निधीचे नियम मात्र देशभर एकच.

पायरी १: समोर कोण आहे ते ओळखा

‘एनजीओ’ अशी नोंदणी कुठल्याच कायद्यात होत नाही. संस्था असते ती सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणजे ट्रस्ट, किंवा सोसायटी, किंवा कंपनी कायदा २०१३च्या कलम ८ खालची कंपनी. सोसायटीला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्राचं वैशिष्ट्य असं की इथे सोसायटीची दोनदा नोंद होते: एकदा १८६०च्या कायद्याखाली आणि पुन्हा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. पावतीवरच्या नोंदणी क्रमांकात ‘एफ’ असेल तर ती सोसायटी म्हणूनही नोंदलेली संस्था आहे. ‘ई’ असेल तर बहुधा ट्रस्ट.

इथेच एक जुना गैरसमज सोडून द्या: संस्था ही संस्थापकाची मालमत्ता असते, हा. गावात लोक सहज म्हणतात, ‘ती शाळा पाटलांची आहे.’ कायद्याच्या नजरेत ती पाटलांची नाही, त्यांच्या मुलांचीही नाही. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची झाली तर या १९५०च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा इतर जमीन-इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची, तरी परवानगी लागते. उरलेले पैसे विश्वस्त आपसात वाटून घेऊ शकत नाहीत. व्यवहारात हे नियम वाकवणारे आहेत, आणि एकाच घरातले पाच जण विश्वस्त असलेल्या संस्था आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणूनच पहिला कागद मागायचा तो विश्वस्तांच्या नावांचा. त्याला कार्यालयात ‘शेड्यूल वन’चा उतारा म्हणतात. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करायचा असतो. उताऱ्यावर पंधरा वर्षांपूर्वीची नावं असतील आणि त्यातले दोघं हयात नसतील, तर का, ते विचारा. कधी उत्तर निव्वळ ‘अर्ज प्रलंबित आहे’ असं असतं आणि ते खरंही असतं. अर्जाची पोच दाखवली की पुढे जा.

पायरी २: नोंदणीला शिफारसपत्र समजू नका

‘रजिस्टर्ड आहे, म्हणजे सरकारमान्य आहे’ हे वाक्य फार ऐकू येतं. नोंदणी झाली याचा अर्थ संस्था कायद्याने अस्तित्वात आहे, इतकाच. तिचं काम चांगलं आहे असं कोणी अधिकाऱ्याने जाऊन पाहिलेलं नसतं. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरच्या क्रमांकाचंही तेच. सरकारी अनुदानासाठी तो लागतो, पण तो गुणवत्तेचा शिक्का नाही. पत्रकावर हा क्रमांक ठळक छापून ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ लिहिणारी संस्था दिसली, तर मी तिथे थांबते आणि दुप्पट बारकाईने बघते.

उलट, नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून पैसे गोळा करणं हाही स्वतंत्र विषय आहे. गणेशोत्सव मंडळांना हे चांगलं ठाऊक असतं: मंडळ नोंदलेलं नसेल तर वर्गणी मागण्याआधी त्याच १९५०च्या कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी घ्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्याच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड फिरवून ‘मदतनिधी’ जमवणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला संकोचू नका.

प्राप्तिकराची नोंदणी मात्र तपासाच. २०२१ आधी संस्थांकडे ‘कायमस्वरूपी’ प्रमाणपत्रं असत. आता करसवलतीच्या मान्यता मुदतीच्या झाल्या आहेत आणि नूतनीकरण करावं लागतं. जुनं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र फ्रेममध्ये टांगलेलं असेल, तर त्याच्या शेजारी नवं कुठे आहे ते बघा.

पायरी ३: ‘पगार घेतात का?’ हा प्रश्न बदला

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज हाच आहे, म्हणून इथे थोडी थांबते. समाजसेवा करणाऱ्याने पैसे घेऊ नयेत. घेतले तर अगदी पोटापुरते. आणि देणगीतला प्रत्येक रुपया ‘थेट गरिबापर्यंत’ पोचला पाहिजे. आपल्याकडे या समजुतीला त्यागाच्या मोठ्या परंपरेचा आधार दिला जातो. पण ती परंपरा नीट वाचली तर वेगळंच दिसतं. गोपाळ कृष्ण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य म्हणून राहिले ते महिना ७५ रुपये वेतनावर. बाहेर त्यांना कितीतरी जास्त मिळालं असतं, त्यामुळे त्याग खराच होता. पण वेतन होतं, ठरलेलं होतं, संस्थेच्या हिशेबात होतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे हिंगण्याला पायपीट करत तो उभा केला, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. आश्रमासाठी ते विनामूल्य राबले, कारण घर फर्ग्युसनच्या पगारावर चालत होतं. ‘फुकट’ काम कधीच फुकट नसतं. त्याचा खर्च दुसरीकडे कुणीतरी उचललेला असतो: दुसरी नोकरी, नवऱ्याचा पगार, वडिलांची शेती. ज्यांच्यामागे असा आधार नाही, त्या गरीब घरातल्या हुशार मुलामुलींना आपण या एका समजुतीपायी सामाजिक कामाच्या दाराबाहेर ठेवतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता अलीकडचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’चं काम सुरू केलं. नवजात बाळं घरीच दगावत होती. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखून उपचार करणं, बाळाला ऊब देणं हे सगळं त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. या प्रयोगाचा निबंध १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम आणला. आता अशा कामाचा खर्च कागदावर कसा दिसेल? मानधन, प्रशिक्षण, प्रवास, देखरेख करणारे डॉक्टर, नोंदी ठेवणारी माणसं. ‘वाटप’ या सदरात जवळजवळ काहीच नाही. ‘थेट गरिबापर्यंत किती टक्के?’ असं विचारणाऱ्या देणगीदाराला हा खर्च निव्वळ प्रशासन वाटला असता. पण बाळ वाचलं ते याच खर्चामुळे.

कायद्यालाही हा फरक कळतो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना त्या निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो (२०२०च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा ५० टक्के होती), पण रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरला जात नाही, कारण तेच तर संस्थेचं काम. कंपन्यांच्या सीएसआरबाबतही, म्हणजे त्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबाबतही, असाच घोळ होतो. तिथली ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या खर्चाला आहे. तरीही ‘कायद्यात पाचच टक्के बसतात’ असं सांगून संस्थेच्या अकाउंटंटचा पगार कापला जातो. तुम्ही एखाद्या कंपनीच्या सीएसआर समितीत नव्याने गेला असाल, तर ही एक व्याख्या मूळ नियमात वाचून घ्या. त्यामुळे कुणाचा तरी पगार वाचेल.

मग विचारायचं काय? पगार घेतात का हे नव्हे, तर पगार कोणाला आणि कशासाठी जातो, हे. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना काही मोबदला मिळतो का? संस्थेची गाडी, जागा, छपाई कोणाकडून घेतली आहे? संस्थापकाला किंवा त्याच्या नातलगांना अवाजवी लाभ दिला तर प्राप्तिकराची सूट धोक्यात येते. कामाच्या मानाने वाजवी पगार द्यायला हरकत नाही. आणि जिथे फिल्डवरच्या ताईला सहा हजार आणि प्रमुखाला दीड लाख मिळतात, तिथेही प्रश्न विचारा. कमी पगार ही काटकसर असेलच असं नाही. ते शोषणही असू शकतं.

पायरी ४: ताळेबंद मागा आणि तीन ओळी वाचा

नोंदलेल्या संस्थेचं दरवर्षी ऑडिट होतं. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रकं मागा. संकेतस्थळावर असतील तर उत्तमच. ‘आम्ही असे कागद बाहेर देत नाही’ हे उत्तर मला पुरेसं वाटतं. तिथून मी उठते.

ताळेबंदात सगळं कळलंच पाहिजे असं नाही. आधी ऑडिटरचा शेरा वाचा. काही त्रुटी असतील तर त्या तिथे असतात, आणि तो भाग कोणी वाचत नाही. मग बघा की उत्पन्न एकाच दात्याकडून येतं की अनेकांकडून. एकच कंपनी नव्वद टक्के पैसे देत असेल, तर ती कंपनी निघून गेल्यावर काय, हे विचारायला हवं. तिसरी ओळ शिल्लक निधीची.

या तिसऱ्या ओळीवर लोक भडकतात. ‘बँकेत चाळीस लाख पडलेत आणि वर देणगी मागतात!’ थांबा. त्यात कायम निधी किती, जो मोडायचा नाही आणि ज्याच्या फक्त व्याजावर काम चालतं? ठरावीक कामासाठी आलेला पण अजून खर्च न झालेला निधी किती? ‘ना नफा’ म्हणजे वर्षअखेर खातं शून्यावर आणणं नव्हे. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी साधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या वर्षात उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. १५ टक्क्यांपर्यंत बाजूला ठेवता येतो, आणि त्याहून जास्त साठवायचं तर कारण जाहीर करून पाच वर्षांपर्यंत. थोडी शिल्लक हवीच. सरकारी अनुदान सहा-आठ महिने उशिरा येणं नित्याचं आहे. त्या काळात वसतिगृहातल्या मुलांना जेवण लागतं, काळजीवाहक मावशींना पगार लागतो. मार्च २०२०नंतर ज्यांच्याकडे काहीच साठलेलं नव्हतं, त्यांची तर पहिल्याच महिन्यात दैना झाली. शिल्लक शून्य असलेली संस्था पाहून मला तिचं कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. हां, वर्षानुवर्षं निधी फुगत जातो आणि काम मात्र तेवढंच राहतं, हे दिसलं तर जरूर जाब विचारा.

पायरी ५: ‘सेवा म्हणजे फुकट’ हे डोक्यातून काढा

संस्था फी घेते म्हणून ती धंदा करते, असं होत नाही. परवडेल त्याने भरावं, न परवडणाऱ्याला सूट मिळावी, या पद्धतीने कितीतरी संस्था टिकल्या आहेत.

या गैरसमजाचा सगळ्यात त्रासदायक फटका धर्मादाय रुग्णालयांत बसतो, आणि तो दोन्ही बाजूंनी. काही जण समजतात की पाटीवर धर्मादाय आहे म्हणजे बिलच येणार नाही. काहींना तिथे आपला हक्क आहे हेच माहीत नसतं. खरी व्यवस्था अशी: १९५०च्या कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार, या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. तातडीच्या वेळी अशा रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचं असतं. उत्पन्नाची अट आहे आणि ती वेळोवेळी बदलते, म्हणून दाखल होतानाच तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर असू द्या. बिल झाल्यावर भांडण्यापेक्षा पहिल्याच दिवशी अर्ज देणं केव्हाही बरं.

पायरी ६: जाऊन या, पण पाहुणे म्हणून नको

शक्य असेल तर कामाच्या जागी जा. वाढदिवसाचा केक घेऊन, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढण्यासाठी मात्र नको. मुलांना त्याचा त्रास होतो, आणि जी संस्था अशा भेटींना नकार देते तिच्याबद्दल माझा आदर वाढतो. लोक त्याला माज समजतात. एका साध्या कामाच्या दिवशी, आधी कळवून, दोन तास बसा. मागच्या वर्षी काय फसलं, हा प्रश्न विचारा. सगळं यशस्वीच झालं असं सांगणाऱ्यांपेक्षा, ‘आमचं शिवणकेंद्र बंद पडलं, कारण बायकांना शेतीच्या हंगामात वेळ नव्हता’ असं सांगणाऱ्यांवर मी जास्त विश्वास ठेवते.

‘रविवारी दोन तास येऊन शिकवू का?’ हा प्रस्तावही विचार करून मांडा. स्वयंसेवकाला शिकवायला, सांभाळायला कुणाचा तरी वेळ जातो. सलग सहा महिने येणार असाल तर तो वेळ भरून निघतो.

पायरी ७: पैसे देताना

बँकेतून द्या. दोन हजार रुपयांहून जास्त रोख दिली तर ‘ऐंशी-जी’ची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची, सवलत मिळत नाही. वस्तू दिल्या तरीही मिळत नाही. ‘शंभर टक्के टॅक्स वाचेल’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका: बहुतेक खासगी संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही मर्यादेत. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळतच नाही. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर अधिनियमात कलमांचे आकडे बदलले आहेत, पण लोकांच्या तोंडी अजून जुनाच आकडा आहे. नुसत्या पावतीवर थांबू नका. संस्थेने देणगीची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवल्यावर तिथून निघणारं देणगी प्रमाणपत्र मागून घ्या. सवलत त्यावर मिळते.

गुप्तदानाबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात आणि देवळाच्या दानपेटीत ते चालतं. सामाजिक संस्थेला मात्र दात्याचं नाव-पत्ता नसलेली रक्कम ठरावीक मर्यादेबाहेर गेली की त्यावर ३० टक्के कर लागतो. नाव छापू नका असं सांगा, पण नोंदवहीत ते असू द्या.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी हे फार महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी निधीच. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेला, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच देता येते. गावच्या शाळेवरच्या प्रेमापोटी थेट स्थानिक खात्यात पाठवलेले पैसे त्या शाळेच्या विश्वस्तांना अडचणीत आणतात. ‘गावचाच मुलगा आहे’ हे कारण तिथे चालत नाही.

शेवटी, जमेल तेवढी रक्कम ‘जिथे गरज असेल तिथे वापरा’ असं लिहून द्या. संगणकासाठी, वह्यांसाठी, पाटीवर नावासाठी पैसे सहज येतात. वीजबिल, ऑडिट फी आणि गळकं छप्पर यांना दाता मिळत नाही.

पायरी ८: वस्तू द्यायच्या असतील तर

आधी फोन करा. पूर आला की जुने कपडे ट्रकने जातात, आणि ते निवडायला तिथे माणसं नसतात. विटलेल्या साड्या, एकेकटे बूट, मुदत संपलेली औषधं टाकून देण्याचा खर्चही संस्थेच्याच गळ्यात पडतो. पैसे असले तर संस्था जवळच्याच बाजारातून हवं तेच घेते, आणि पुरामुळे धंदा बसलेल्या तिथल्या दुकानदाराचाही गल्ला सुरू होतो.

पायरी ९: दिल्यानंतर

वर्षभराने अहवाल मागा. आला नाही तर एकदा आठवण करा. लहान संस्थेत अहवाल लिहिणारी आणि रोपवाटिकेला पाणी घालणारी व्यक्ती एकच असू शकते. खरंच काही गैर दिसलं, तर फेसबुकवर लिहिण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांना आणि सचिवांना लेखी विचारा. उत्तर आलं नाही, तर तुमच्या जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात कागदांसह तक्रार अर्ज द्या. विश्वस्तांना निर्देश देण्याचा अधिकार १९५०च्या कायद्याच्या कलम ४१ अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे आहे. अर्जात नोंदणी क्रमांक, पावतीची प्रत आणि तारखा लिहा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.